एकट्याचा धंदा आहे, मग वाकायचं किती?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा ३६ वर्षांचा, कोल्हापुरातलाच. शिरोली एमआयडीसीत डिझाइनला दहा वर्षं नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी सोडली आणि घरातल्या एका खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. फाउंड्री म्हणजे धातूचं ओतकाम करणारे आणि पॅटर्न शॉप म्हणजे त्या ओतकामाच्या साच्यासाठी लागणारा नमुना बनवणारे, त्यांना थ्रीडी मॉडेल, ड्रॉइंग करून देतो. एकटाच, हाताखाली कोण नाही. महिन्याला सरासरी ७२ हजारांचं बिल होतं, त्यातलं ७० टक्के एकाच पार्टीकडनं, आणि ती पार्टी पैसे देते ९० दिवसांनी. बाकीचे उद्यमनगरातले छोटे वर्कशॉपवाले, ते रात्री साडेनऊला तुटलेला पार्ट पेपरात गुंडाळून दारात उभे राहतात आणि सकाळपर्यंत ड्रॉइंग पाहिजे म्हणतात. मे महिन्यात मित्राच्या सांगण्यावरून त्यानं नियम केले: सहानंतर काम नाही, निम्मा अॅडव्हान्स, दुरुस्त्या दोनच. सगळ्यांना एकच व्हॉट्सअॅप मेसेज टाकला. तीन जुनी गिऱ्हाइकं तुटली, त्यातले एक वयस्कर मिस्त्री फोनवर एवढंच म्हणाले, ‘आता तू मोठा झालास.’ पंधरा दिवसांत यानं सगळे नियम गुंडाळले. आता मोठी पार्टी म्हणते, महिन्याला ४५ हजार फिक्स घे, पण काम फक्त आमचंच करायचं. बायको म्हणते घे, वडील म्हणतात नको, मित्र म्हणतो दोन पोरं ठेव आणि धंदा वाढव. आणि याचा प्रश्न असा: ‘काका, लवचिक राहू का शिस्तीत राहू? लवचिक राहिलं की लोक वापरून घेतात, शिस्त लावली की तुटतात.’

भावा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं प्रश्न मंथलीचा, म्हणजे त्या महिन्याच्या ४५ हजार फिक्सचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना मधली एक ओळ अडली, ‘कोण आलं की मला नाही म्हणता येत नाही, मग पोरीला झोपताना गोष्ट सांगायची राहते.’ ती ओळ धरूनच बोलतो, कारण माझ्या मते सगळं तिथंच आहे.

तू रात्री साडेनऊला हो म्हणतोस त्याला तू लवचिकपणा म्हणतोस. मला सांग, त्या वेळी तुझ्यापुढं दुसरा काही पर्याय होता का? नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाणार ही भीती, उद्या करतो म्हणावं तर उद्याचा दिवस मोठ्या पार्टीला आधीच देऊन टाकलेला, मग उरली फक्त झोप, ती दिली. ज्याला एकच गोष्ट करता येते त्याला लवचिक कसं म्हणायचं? वाकायला आधी थोडी जागा लागते, आणि तुझ्या आठवड्यात ती जागाच नाही.

तुझ्याच कामातलं सांगतो, चुकलं तर सांग. कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, गार होताना आकसतो म्हणून पॅटर्न मुळातच मोठा करतात, ग्रे आयर्नला मीटरमागं साधारण १० मिलिमीटर, स्टीलला जवळजवळ त्याच्या दुप्पट, आणि जिथं मशिनिंग होणार तिथं वर आणखी मटेरियल ठेवतात. हा अलाउन्स तू डोळे झाकून देतोस, कुणी फुकट मटेरियल कशाला घालतोस म्हणून विचारत नाही, कारण तो दिला नाही तर पार्ट मापात बसणारच नाही. आणि स्वतःचा आठवडा आखताना? सोमवार ते शनिवार आठ-आठ तास, सगळे कबूल करून बसलेला. मग पोरगी आजारी पडली, लाइट गेली, पार्टीनं ड्रॉइंग बदललं, यातलं एक काहीही झालं की माप चुकतं. आठवड्याचे ४८ तास असतील तर ४०च कबूल कर. उरलेले आठ तास रिकामे वाटतील, सुरुवातीला हात शिवशिवतील, पण ते तास म्हणजे तुझं मशिनिंगचं मटेरियल आहे. अर्जंट काम तिथं जाईल, दुरुस्ती तिथं जाईल, आणि ज्या आठवड्यात काहीच आलं नाही त्या आठवड्यात नवीन काहीतरी शीक. पॅटर्नशिवाय थेट साचा प्रिंट करण्यापर्यंत गोष्टी गेल्यात, तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता तो रात्रीचा माणूस. मी त्याची बाजू घेणार आहे. शेतातल्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, फुटलाय, उसाला पाण्याची पाळी आहे, मोटर उभी, शेतकरी त्याच्या वर्कशॉपात बसून आहे, म्हणून तो तुझ्या दारात आलाय. त्याची घाई खरी आहे. पण त्याला रात्रीत काय पाहिजे ते तू कधी विचारलंस का? मला वाटतं त्याला थ्रीडी मॉडेल आणि बॉर्डर घातलेलं ड्रॉइंग नकोच असतं, त्याला सकाळी आठला लेथवर काम सुरू करायला चार मापं पाहिजे असतात. त्याला बसव, चहा दे, त्याच्यासमोर व्हर्नियर काढ, बोअर, की-वे, बाहेरचा व्यास, हबची उंची, पात्याची जाडी, झिजलेली बाजू कुठली आणि मूळ माप किती असावं, हे सगळं कागदावर हातानं काढून दे. वीस मिनिटं. नीट ड्रॉइंग उद्या बाराला. त्याचं काम अडलं नाही, तुझी रात्र गेली नाही, आणि त्या हाताच्या स्केचचे आणि अर्जंटचे म्हणून नेहमीच्या रेटच्या दीडपट पैसे सांग, आधी सांग, काम झाल्यावर नको. ज्याची मोटर खरंच उभी आहे तो देतो. ज्याला उद्या चालणार होतं तो म्हणतो, मग उद्याच दे. दोन्ही बरंच की.

गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते कुठल्या रूपात, किती तुकड्यात, कुठल्या वेळेला द्यायचं यात जितकं वाकता येईल तितकं वाक. मापाची अचूकता, दिलेली तारीख आणि घेतलेला रेट, या तीन गोष्टीत वाकू नकोस. तुझ्या मे महिन्याच्या नियमांची अडचण काय झाली बघ, ते बरोबर उलटे होते. वेळ पक्की बांधलीस, जिथं खरं तर सोय करता आली असती, आणि रेटबद्दल एक शब्द नाही.

दुरुस्त्या दोनच, हा नियम तर मला पटतच नाही. तुझी चूक असेल तर दहा वेळा फुकट करून दे, त्यात मोजदाद कसली. पण त्यानं ड्रॉइंग बघून ‘ओके’ म्हटल्यावर त्याच्या गिऱ्हाइकानं फ्लँज बदलली, तर ते नवीन काम, त्याचे पैसे वेगळे. त्यासाठी एकच सवय लाव, ड्रॉइंग पाठवलं की ‘चेक करून ओके कळवा’ असं लिहायचं आणि त्याचा ओके आल्याशिवाय फायनल फाइल पाठवायची नाही. भांडणाला जागाच राहत नाही. अॅडव्हान्सचंही तसंच, नवीन माणसाकडनं निम्मा घे, जुन्याकडनं घेऊ नकोस, त्याला सांग महिन्याचा हिशेब १० तारखेला पुरा करू. उद्यमनगरात वर्षानुवर्षं शब्दावर कामं चालतात, त्या माणसाला अचानक अॅडव्हान्स दे म्हटलं की त्याला वाटतं याचा आपल्यावरचा विश्वास उडाला.

आणि नियम मेसेजवर टाकायचे नसतात रे. एकेकाला, काम द्यायला आला की तोंडी, कारण सांगून. ‘रात्री डोळे साथ देत नाहीत, माप चुकलं तर तुमचाच जॉब स्क्रॅप होईल,’ हे खरं कारण आहे आणि कुणालाही पटतं. एका महिन्यात एकच नियम, आधी नवीन लोकांना, मग जुन्यांना.

तीन गिऱ्हाइकं तुटली म्हणून तू नियमच चुकले असं धरलंस. पण पत्रातच तू लिहिलंयस की तिघं मिळून महिन्याला चारेक हजारांचं काम द्यायचे आणि दोघांकडं जुनी बाकी आहे. म्हणजे धंद्याच्या हिशेबानं नुकसान फार नाही. लागलं ते मिस्त्रींचं बोलणं. ते लागणं बरोबर आहे, पण त्याचा उपाय नियम गुंडाळणं नव्हे. मिस्त्रींकडं शेवटी येतो.

मंथलीचं बोलू. मी बावीस वर्षं एकट्यानं दुकानदारांची अकाउंट लिहिली, लक्ष्मीपुरी-शाहूपुरी भागात. त्यात एक व्यापारी असे होते की माझं साठ टक्के उत्पन्न त्यांच्याकडनं. माणूस चांगला, पैसे वेळेवर, मला वाटायचं आपण सेट झालो. त्यांच्या मुलानं दुकान हातात घेतलं, कॉम्प्युटर आणला, एक पोरगा पगारावर ठेवला आणि दिवाळीच्या बारा दिवस आधी मला फोन आला, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. त्याची काही चूक नव्हती, दुकान त्याचं. चूक माझी, मी दुसरीकडं बघायचंच सोडून दिलं होतं. ती दिवाळी आम्ही बायकोची पाटली गहाण ठेवून केली. हे आज सांगताना पण घशाशी येतं, म्हणून तुला जरा जोर देऊन सांगतोय.

पावसाळ्यात आपण सगळे रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो ना, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ३९ झाले म्हणजे घरात पाणी आलं असं नव्हे, पण नदीकाठचा माणूस सामान वर ठेवायला लागतो. एकाच पार्टीकडनं किती टक्के बिल येतं याची तशी पातळी ठरवून ठेव. माझा ठोकताळा, चाळीसला इशारा, साठला धोका. तू सत्तरला आहेस. आणि पार्टी म्हणते शंभर कर.

बरं, आकडे बघू. ७२ हजाराचे सत्तर टक्के म्हणजे ५० हजार ४००. एवढं काम ती पार्टी आजच देते. ती आता ४५ हजार म्हणते, आणि वर बाकीचे २१ हजार ६०० तू स्वतः सोडायचेस. सॉफ्टवेअर तुझं, कॉम्प्युटर तुझा, लाइट बिल तुझं. नोकरीसारखं बांधून घ्यायचं पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि उद्या नको म्हटलं तर नोटीस पण नाही. यापेक्षा नोकरीच करायची असेल तर नोकरी म्हणून माग, त्यात कमीपणा काही नाही, बायको म्हणते घे त्यामागं तिला महिन्याच्या महिन्याला ठरलेला आकडा पाहिजे एवढंच असेल, आणि तिचं ते म्हणणं रास्त आहे. ९० दिवसांनी पैसे येणाऱ्या घरात किराणा कसा भरायचा हे तिलाच बघावं लागतं.

म्हणून सरळ नाही म्हणू नकोस. उलट प्रस्ताव दे. महिन्याला १०० तास तुमचे, ४० हजार, दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत, वरचे तास लागले तर वेगळ्या रेटनं, दुसऱ्यांचं काम करायला मी मोकळा, तुमची ड्रॉइंग बाहेर जाणार नाहीत हे लिहून देतो, आणि थांबवायचं असेल तर दोन्ही बाजूनं दोन महिने आधी सांगायचं. आठवड्याला ४० तास कबूल करायचे तर महिन्याचे १७०च्या आसपास होतात. शंभर तिकडं गेले, सत्तर उरले, त्यात बाकीच्यांचं २८-२९ हजारांचं काम होतं. एकूण ६८-६९, म्हणजे आजच्यापेक्षा तीन-चार हजार कमी, पण आठवड्याचे आठ तास मोकळे, ४० हजार ठरल्या तारखेला हातात, आणि त्या पार्टीचा वाटा ५८ टक्के, धोक्याच्या जरा खाली. आज तुला तासाला साधारण ३५० पडतात, रात्रीचे तास धरले तर त्याहून कमी, यात ४०० पडतील. ते घासाघीस करतील. तासाचं कमी-जास्त कर, पण दुसऱ्यांचं काम करायची मोकळीक आणि दोन महिन्यांची नोटीस सोडू नकोस.

पार्टी हा प्रस्ताव नाकारू शकते. तेव्हा काय करायचं हे आजच ठरवून ठेव म्हणजे त्यांच्या केबिनमध्ये बसून घाबरून सही होणार नाही.

९० दिवसांचं एक वेगळं सांगतो, हे सगळ्याच एकट्या काम करणाऱ्यांनी नीट वाचा, कॅडवाले, अकाउंटवाले, वेबसाइटवाले, एसी रिपेअरवाले सगळे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ऑनलाइन आहे, आधार-पॅन लागतं, फी शून्य, कुणी पैसे मागत असेल तर तो एजंट आहे. ते झालं की तुम्ही सूक्ष्म उद्योग, आणि सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणं घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या वर नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आता कायदा आहे म्हणून उठून नोटीस काढलीस तर पैसे येतील आणि गिऱ्हाईक जाईल, ते मी सांगत नाही. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्समध्ये असं आलंय की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर ते पैसे ज्या वर्षी प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी खर्चात धरता येतात. मार्च जवळ आला की मोठ्या पार्टीचा अकाउंटंट अशी बिलं शोधत बसतो. तर तू बिलावर उद्यम नंबर छाप आणि अकाउंट सेक्शनला साध्या भाषेत कळव की आम्ही आता रजिस्टर्ड आहे. एवढ्यानं बरेचदा ९०चे ४५ होतात, मालकाशी वाद न घालता. रजिस्ट्रेशनच्या आधीच्या बिलांना मात्र याचा आधार धरू नकोस.

बाकी पैशाचं लांबवत नाही, घरखर्चाचे तीन महिने वेगळ्या खात्यात, आणि सर्व्हिसला जीएसटीची मर्यादा २० लाखांची आहे, तुझं वर्षाचं ९ लाखांच्या आत आहे, त्यामुळं पार्टीनं अडवल्याशिवाय त्या वाटेला आत्ता जायची गरज नाही.

अजून एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण मला दिसते. तुझी सगळी गिऱ्हाइकं एकाच धंद्यातली आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी शिरलं तेव्हा मला हे कळलं, माझी नऊच्या नऊ दुकानं त्याच पट्ट्यात, एका दिवसात सगळी बंद. पुढं दोन महिने ते लोक चिखल काढत होते, त्यांच्याकडं हिशेबाचे पैसे मागायला तोंड कुठलं. त्यानंतर मी ठरवून राजारामपुरीतले दोन डॉक्टर आणि कागलकडचा एक ट्रान्सपोर्टवाला धरला. तुझं पण तसंच कर. ऑटोच्या फाउंड्रीला मंदी आली की तुझी सगळी गिऱ्हाइकं एकदम थंड होणार. आपल्याकडं साखर कारखाने केवढे, गळीत हंगाम संपला की पुढचे चार-पाच महिने त्यांचं मेंटेनन्स चालतं, झिजलेल्या पार्टवरनं ड्रॉइंग काढून नवीन करून घ्यायचं काम तेव्हाच निघतं, आणि ते तुला उत्तम येतं. इचलकरंजीत जुन्या लूमचे गियर मिळत नाहीत म्हणून लोक नमुना घेऊन फिरतात. वर्षात असं एक बाहेरचं गिऱ्हाईक जोडलं तरी पुष्कळ.

मित्र म्हणतो दोन पोरं ठेव. त्याचा हेतू चांगला आहे. पण दोन पोरांचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला तयार लागतो, आणि मग तू येईल ते काम घेणार, म्हणजे आज जे तुला टोचतंय तेच मोठ्या मापात. तुला माणसं सांभाळायची आवड आहे असं पत्रात कुठं दिसलं नाही, ड्रॉइंगबद्दल मात्र दीड पान लिहिलंयस. एकटं राहणं ही काय धंद्याची पहिली पायरी नाही की ती चढलीच पाहिजे, कित्येक जण त्याच पायरीवर आयुष्यभर व्यवस्थित कमावतात. फक्त अडीनडीला एक माणूस बघून ठेव, तुझ्यासारखाच एकटा काम करणारा, तुला ताप आला तर तुझा जॉब तो पुरा करेल, त्याच्या घरी लग्न असेल तर तू. पैसे ज्यानं काम केलं त्याचे, गिऱ्हाईक ज्याचं त्याचंच. हे दोघांनी आत्ता, बरे असताना बोलून घ्या.

आणि मिस्त्री. तू लिहिलंयस की नोकरी सोडल्यावर पहिलं काम त्यांनी दिलं होतं, पाचशे रुपयांचं, आणि पैसे देताना वर शंभर जास्त ठेवले होते. त्यांना तो मेसेज इतर सगळ्यांसारखाच गेला, म्हणून ते बोलले. या रविवारी त्यांच्याकडं जा. नियमाचं काढू नकोस, जुन्या बाकीचं तर मुळीच काढू नकोस. ‘तुम्हाला मेसेज टाकायला नको होता, यायला पाहिजे होतं,’ एवढं म्हण. पोरीला बरोबर ने.